टिंब मधोमध

मिस्त्रींनी पिस्तुलाची मूठ वाळूच्या पिशवीवर टेकवली, डावा डोळा मिटला, अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. पंचवीस मीटरवरच्या कागदात तीन भोकं पडली, तीही अशी चिकटून की लांबून एकच वाटावं, आणि अगदी मधोमध. दुर्बिणीतून बघून त्यांनी मान हलवली.

"हं. हे नववं. तीन राहिली."

मागे त्यांची भाची हात बांधून उभी होती. तळघरातल्या या गोळीबाराच्या खोलीवर ती अधिकारी म्हणून बदलून आली त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. कोषागाराच्या बाराही सशस्त्र पहारेकऱ्यांची परीक्षा आता तिच्या सहीने होणार होती. मिस्त्री तिचे सख्खे मामा. लहानपणी तिला छऱ्याची बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता कागदोपत्री ती त्यांची वरिष्ठ. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे. वाटत असलंच तर कौतुक वाटे; पण कौतुक तोंडावर केलं की पोरं बिघडतात, असं त्यांचं मत असल्यामुळे ते तिच्या चुका तेवढ्या काढत.

"मामा, मी एक फेरी झाडून बघू का यातून?"

"बघ की. अधिकारी तू. मला काय विचारतेस?"

तिने उभं राहून पाच गोळ्या झाडल्या आणि कागद सरकवत जवळ आणला. पाचही भोकं एका मुठीत मावतील अशी होती, पण मधोमध नव्हती. चार बोटं वर आणि तीन बोटं उजवीकडे.

"हात खिळखिळा झाला तुझा," मिस्त्री म्हणाले. "खुर्चीत बसून होतं असं."

तिने आठवं पिस्तूल उचललं, मग सातवं. दर वेळी नवा कागद लावला. मग तिन्ही कागद एकावर एक ठेवून तिने ते छताच्या दिव्यासमोर धरले. तिन्ही कागदांतली भोकं एकमेकांवर बसली आणि आरपार उजेड दिसला.

हे सगळं त्या लाल टिंबापायी. पूर्वी पिस्तुलावर नेम धरायला पुढे एक माशी असायची आणि मागे एक खाच. खाचेत माशी बसवायची आणि ओढायचा चाप. दोन महिन्यांपूर्वी वरून हुकूम आला आणि प्रत्येक पिस्तुलावर काडेपेटीएवढी काच बसली. काचेतून बघितलं की एक लाल टिंब दिसतं. टिंब जिथे, गोळी तिथे. मात्र ते टिंब आणि गोळी आधी एकमेकांशी जुळवावी लागतात. त्यासाठी काचेला दोन बारीक स्क्रू असतात, एक वर-खाली सरकवायला, एक डावं-उजवं करायला, आणि फिरवताना प्रत्येक घराला बारीकसा टक् असा आवाज येतो. बाराही पिस्तुलं मिस्त्रींनी स्वतः पिशवीवर ठेवून जुळवली होती, डोळ्यांत तेल घालून. तीस वर्षं या खोलीत असाच रिवाज होता: मिस्त्रींनी जुळवलं म्हणजे जुळलं. पुन्हा कोणी तपासत नसे. तपासणं म्हणजे मिस्त्रींचा अपमानच झाला असता.

जुन्या पहारेकऱ्यांनी त्या टिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काचेखालून जुनी माशी दिसत होती, तिच्यावरच ते नेम धरत राहिले आणि महिन्यापूर्वीच्या परीक्षेत पास झाले. सांगितल्याप्रमाणे टिंबावर नेम धरला तो एकट्या लांब्याने. लांब्या वयाने सगळ्यांत धाकटा, म्हणजे तिशीचा, उंचीने सगळ्यांत मोठा, आणि स्वभावाने असा की दारावर 'ढकला' लिहिलेलं असलं तर उघड्या दारालाही ढकलून आत येईल. कागदावर बशीएवढं वर्तुळ असतं. दहा गोळ्यांपैकी सात त्यात पडाव्या लागतात. लांब्याच्या दोन पडल्या.

"काका, काच हलली असेल का?" त्याने तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"पिस्तूल चोख आहे," मिस्त्री सगळ्यांसमोरच म्हणाले होते. "हात कच्चा आहे. नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळे खो खो हसले होते. लांब्याला महिनाभर फाटकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला. जाताना येताना लोक त्याला 'नेमबाज' म्हणू लागले. महिन्याने पुन्हा एक संधी मिळायची होती. त्यातही नापास झाला तर कायमचं फाटक. सहा वर्षं घासून त्याने ही सशस्त्र पहाऱ्याची जागा मिळवली होती. तेव्हापासून तो रोज सकाळी सातला, भाची कामावर यायच्या आधी, तळघरात येऊन मिस्त्रींच्या देखत सराव करायचा. आणि खरंच सुधारला. गेल्या आठवड्यात त्याचे कागद बघण्यासारखे होते. मिस्त्री त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालेही होते, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

परीक्षेच्या आधी चार दिवस पिस्तुलं कपाटात बंद होतात आणि मिस्त्री ती एकदा तपासून घेतात. त्याच तपासणीचा आज पहिला दिवस होता, सोमवार.

भाचीने कागद खाली ठेवले.

"मामा, तुम्हाला ते टिंब कसं दिसतं?"

"कसं म्हणजे? दिसतं तसंच दिसतं."

"काढून दाखवा."

तिने पुढे केलेली पेन्सिल घेऊन मिस्त्रींनी कागदाच्या कोपऱ्यात वर उजवीकडे एक जाड ठिपका काढला आणि त्यातून खाली डावीकडे एक तिरकी रेघ ओढली. बेडकाचं पिल्लू असतं, तसं दिसत होतं ते.

"हे डोकं. हे मी मधोमध धरतो. शेपटीकडे लक्ष द्यायचं नाही."

भाची त्या चित्राकडे बघत राहिली.

"मामा, त्याला शेपूट नसतं."

"नसतं म्हणजे?"

"गोल असतं ते. नुसतं गोल टिंब."

मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी स्क्रू फिरवायचा बारका पेचकस उगाचच रुमालाने पुसला आणि पुन्हा पुसला. टिंब म्हणतात आणि शेपटीवालं देतात, ही कंपनीची थापेबाजी आहे असंच त्यांना दोन महिने वाटत होतं. कोणाला विचारावं असं त्यात काही वाटलंच नव्हतं. गाईला चार पाय असतात का, असं कोण कोणाला विचारतं?

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. बायको कपडे धुवायच्या यंत्रासमोर उभी होती. यंत्रावर एक लाल दिवा लागला होता. मिस्त्रींनी डावा डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं. शेपूट. मग उजवा मिटून पाहिलं. गोल. पुन्हा डावा, पुन्हा उजवा.

"अहो, यंत्राला डोळे काय मारताय?" बायको म्हणाली. "पस्तीस वर्षांत मला कधी मारला नाहीत."

"हा दिवा कसा दिसतो तुला?"

"लाल."

"आकार विचारतोय."

"गोल. दिवा आहे तो, कसा दिसणार?" ती त्यांच्याकडे नीट वळली. "काय झालं?"

"काही नाही."

मिस्त्री घाबरले होते. घाबरण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते चिडल्यासारखे दिसत होते. बायकोने तसंच समजून त्यांना चहा दिला आणि ती त्यांच्या वाटेला गेली नाही.

मंगळवारी सकाळी भाची तळघराचं दार आतून लावून म्हणाली,

"मी रात्रभर विचार केला. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. वर कळवलं तर उद्यापासून तुम्हाला हत्याराला हात लावू देणार नाहीत. नट-बोल्टांची यादी करायला कोठारात पाठवतील."

"कळव मग. तुझं कामच आहे ते."

"मामा, ऐका तर. मी झाडते, तुम्ही स्क्रू फिरवा. बाराची बारा जुळवून टाकू आज. नोंद नेहमीसारखीच करू: तपासलं, ठीक. खाली तुमची सही, माझी सही. परीक्षा झाली की डोळा दाखवून घ्या, ऑपरेशन करावं लागलं तर रजा मी देते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि लांब्या?"

"त्याचं तर भलंच होईल. तो टिंबावरच नेम धरतो ना? आता टिंब खरं होईल. सहज पास होतो बघा."

हे मिस्त्रींना पटलं. म्हणजे पटवून घ्यायला सोपं गेलं. आपल्या भाचीने आपल्यासाठी खोटी सही करावी, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण कोठारात बसून नट-बोल्ट मोजायचे, तेही उतरत नव्हतं. दोन्हींपैकी जे कमी टोचलं ते त्यांनी गिळलं.

भाची पिशवीमागे बसली. पहिल्या पिस्तुलाच्या तीन गोळ्या झाडून तिने दुर्बिणीतून पाहिलं.

"खाली नऊ, डावीकडे सहा."

मिस्त्रींनी कान लावून मोजत पेचकस फिरवला. बोटं अजून तशीच होती, एक घर कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या पिस्तुलालाही खाली नऊ, डावीकडे सहा. तिसऱ्यालाही तेच. पाचव्यापासून तिने सांगायचं बंद केलं आणि त्यांनी विचारायचं बंद केलं. बारा पिस्तुलं, बाराही वेळा नऊ आणि सहा. चूकसुद्धा किती नीट केली होती आपण, असं मिस्त्रींच्या मनात आलं, आणि त्यांना आपलाच राग आला. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते त्यांनीच सारवलं होतं.

दुपारी त्यांनी नोंदवहीत सही केली. खाली भाचीने केली. कपाटाला कुलूप लागलं.

शुक्रवारी लांब्या अर्धा तास आधीच येऊन बसला. गणवेशाला कडक इस्त्री, बूट चकचकीत. काचेपलीकडच्या खोलीत कोषागाराचे साहेब येऊन बसले होते, समोर परीक्षेचा तक्ता. भाची त्यांच्याजवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आज ताण नव्हता. मिस्त्रींकडे बघून ती जरा हसलीसुद्धा. परीक्षेच्या वेळी पहारेकऱ्याशेजारी मिस्त्रींनी उभं राहायचं, हत्यार अडकलं तर सोडवायला, असा नियम होता. ते उभे राहिले.

"काका, आशीर्वाद असू द्या," लांब्या हळूच म्हणाला.

"आशीर्वादाने गोळी लागत नाही. श्वास अर्धा सोड आणि मग ओढ."

सगळ्यांनी कानांवर झाकणं चढवली. सुरू करायची खूण म्हणून भिंतीवरचा दिवा हिरवा झाला. लांब्याने पिस्तूल उचललं. हात स्थिर होता. मिस्त्रींनी तीस वर्षांत शेकडो हात पाहिले होते, त्यात असे चार-पाचच असतील. पाच गोळ्या त्याने सावकाश, एकसारख्या अंतराने झाडल्या. पहिली फेरी पाचची, मग कागद बघायचा, मग उरलेल्या पाच.

कागद सरकत जवळ आला. पाचही भोकं एका मुठीत मावतील अशी. आणि पाचही वर्तुळाच्या बाहेर. चार बोटं खाली, तीन बोटं डावीकडे.

मिस्त्रींना आधी काही कळलंच नाही. त्यांना वाटलं, पेचकस उलटा फिरवला की काय आपण? मग त्यांना लांब्याचे गेल्या आठवड्यातले कागद आठवले. ते मधोमध लागलेले कागद. बिघडलेल्या पिस्तुलातून हा पोरगा मधोमध कसा मारत होता, हे सोमवारपासून एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यापुढे त्यांना दुसऱ्या कोणाचं काही दिसलंच नव्हतं.

लांब्याचं तोंड पांढरं पडलं होतं. काचेपलीकडे साहेबांनी तक्त्यावर पाच फुल्या मारल्या. दहापैकी सात लागणार होत्या. आता उरलेल्या पाचही आत पडल्या तरी उपयोग नव्हता. भाची पुढे वाकून कागदाकडे बघत होती. मग तिने मिस्त्रींकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने मान अगदी थोडी हलवली, नाही अशी.

मिस्त्रींनी आपल्या कानांवरचं झाकण काढलं आणि लांब्याच्याही एका कानावरचं बाजूला केलं.

"टिंब कुठे धरलं होतंस?"

"खाली, डावीकडे." लांब्या म्हणाला. "रोज धरतो तिथेच. बरोब्बर चार बोटं."

"तिथे कशाला?"

"माझा हात वर ओढतो ना, काका. उजवीकडे. तुम्ही म्हणालात पिस्तूल चोख आहे, म्हणजे हातच ओढत असणार. मग मी म्हटलं, जेवढा ओढतो तेवढं आधीच खाली धरू. महिनाभर तेच बसवलं अंगात. लागत होतं. तुम्ही स्वतः पाहिलंत, लागत होतं की नाही?"

"लागत होतं."

"मग आज काय झालं?"

मिस्त्रींनी काचेकडे पाहिलं. साहेब कानांवर झाकण ठेवूनच तक्त्यात काहीतरी लिहीत होते. भाची त्यांच्याच मागे उभी होती, तिचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेले. इथलं बोलणं तिकडे कोणाला ऐकू येत नव्हतं. पोरगं मान खाली घालून फाटकावर जाऊन बसलं असतं, आणि आपला हात महिनाभर वर ओढत होता तो आज खाली कसा ओढायला लागला, याचा विचार करत आयुष्य काढलं असतं. त्याने कोणाला दोष दिला नसता. त्याचा तो स्वभावच नव्हता.

"टिंब मधोमध धरायचं," मिस्त्री म्हणाले.

"मधोमध धरलं तर वर जातं."

"आता जात नाही."

लांब्याची नजर पिस्तुलावरच्या त्या दोन बारीक स्क्रूंवर गेली.

"कधीपासून?"



"मंगळवारपासून."

लांब्याला गोष्टी समजायला वेळ लागे. पण एकदा समजायला लागल्या की त्या पुरत्या समजत, मध्ये कुठे अडत नसत. त्याने हातातल्या पिस्तुलाकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे.

"म्हणजे त्या दिवशी," तो म्हणाला, "पहिल्या परीक्षेला... माझा हात..."

"चोख होता," मिस्त्री म्हणाले. "त्या दिवशीही."

लांब्याने शिकवल्याप्रमाणे नळी पुढे करून पिस्तूल टेबलावर ठेवलं. मग तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मिस्त्रींना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण तेवढा हक्क आपल्याकडे उरलाय असं त्यांना वाटलं नाही.

काचेवर टकटक झाली. साहेबांनी एका कानावरचं झाकण सरकवलं होतं आणि ते हातानेच विचारत होते, काय, पुढची फेरी का सुरू होत नाही? त्यांच्या मागे भाची आता उघडपणे मान हलवत होती. नको, मामा. तिची सहीही त्याच पानावर होती.

मिस्त्री तिच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरची नोंदवही उचलली, मंगळवारचं पान काढलं, खिशातल्या पेनाने भाचीच्या नावासमोर लिहिलं, 'मिस्त्रींच्या सांगण्यावरून,' आणि वही काखेत मारून ते काचेच्या दाराकडे चालू लागले.